आवडती रॉक गाणी पाठवताना : सभासदांना आठवण

सभासद मित्रमैत्रिणींनो,

या आठवड्याची गाणी रविवारी रात्रीपर्यंत पाठवायची आहेत. प्रत्येकाने एकच गाणं द्यावं. सोबत कलाकाराचं नाव, वर्ष आणि ते का ऐकावं याच्या दोन ओळी हव्यातच. नुसती लिंक नको. गाण्यात नेमकं कुठे कान द्यायचा हे कळलं, तर ऐकणाऱ्याला वाट सापडते.

उदाहरणार्थ, लेड झेपलिन या ब्रिटिश बँडचं १९७१ सालचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. रेकॉर्डिंगच्या वेळी त्यांचे ड्रमवादक जॉन बॉनम यांचे ड्रम एका जुन्या घराच्या जिन्याखालच्या दालनात ठेवले होते आणि माइक वर जिन्यात टांगले होते. म्हणून प्रत्येक ठोका दगडी भिंतींवरून परतल्यासारखा घुमतो. हेडफोन लावून पहिली पंधरा सेकंद ऐका, अंगावर काटा येतो.

दुसरी विनंती मनापासूनची. सत्तरच्या दशकातले तेच चार बँड पुन्हा पुन्हा येतात. ते थोर आहेतच, पण थोडं मागेही जाऊया. अमेरिकन गायिका आणि गिटारवादक सिस्टर रोझेटा थार्प १९४० च्या दशकातच भक्तिगीतांना इलेक्ट्रिक गिटारची धार देत होत्या. रॉक अँड रोलची मुळं तिथवर पोहोचतात, तरी आपल्या यादीत त्या अजून एकदाही आलेल्या नाहीत. याची मला खरोखर खंत वाटते. कोणीतरी त्यांचं गाणं द्याच.

लांब गाणी चालतील. पूर्ण अल्बम मात्र महिनाअखेरीच्या सत्रासाठी राखून ठेवावेत.

दुसऱ्याचं गाणं आवडलं नाही तरी आधी शेवटपर्यंत ऐका, मग लिहा.

– संयोजक