फी माफ, पण डब्याचे काय?

आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी 2024-25 पासून आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेत माफ झाली, हे चांगलेच झाले. नर्सिंग शिकणाऱ्या माझ्यासारख्या मुलींच्या घरचे मोठे ओझे त्याने उतरले. पण फी वर्षातून एकदा भरायची असते, पोट रोज भरावे लागते. वसतिगृहात जागा नसली की नाशिकमध्ये म्हसरूळ-पंचवटीकडे तिघी-चौघींनी मिळून खोली घ्यायची. वर डिपॉझिट, वीजबिल वेगळेच. दोन वेळचा डबा परवडत नाही म्हणून आम्ही एकच वेळचा लावतो आणि सकाळी घरून आणलेल्या नागलीच्या (नाचणीच्या) पिठाची भाकरी थापतो. सुरगाणा-पेठकडच्या मुलींच्या खोलीत तांदूळ, नागली गावाकडूनच येते, म्हणून तरी निभावते.

इतर विद्यार्थ्यांसारखी अर्धवेळ नोकरी आम्हाला जमत नाही. सकाळी वॉर्डात ड्युटी, दुपारी तास, रात्री केस स्टडी. कधी नाइट लागते, तेव्हा बस नसते, रिक्षाच करावी लागते. कडक इस्त्रीचे दोन गणवेश, पांढरे बूट, फायली, झेरॉक्स हा खर्च कोणत्याच योजनेत धरलेला दिसत नाही. (पांढरे बूट नाशिकच्या पावसाळ्यात किती टिकतात, हे ज्याने नियम केला त्याने एकदा घालून पाहावे.)

राहण्या-जेवणासाठी सरकारी निर्वाह भत्ता मिळतो, पण सत्र संपत आल्यावर. घरमालक काही तोवर थांबत नाही. हा भत्ता दर महिन्याला जमा व्हावा आणि क्लिनिकल पोस्टिंगच्या (रुग्णालयातल्या ड्युटीच्या) काळात विद्यार्थिनींना बसपास सवलतीत मिळावा, एवढीच मागणी आहे.

— एक परिचर्या विद्यार्थिनी, नाशिक