वरच्या खोलीतल्या मुलास

चि. वरच्या खोलीतल्या मुला,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तू खोली रिकामी केलीस त्या दिवशी मी बँकेत हयातीच्या दाखल्याच्या रांगेत होतो. भेट राहिली, म्हणून हे पत्र. सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडंच लिहितोय. नाव घालत नाही, तुला आवडायचं नाही.

माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर तू विंडोजऐवजी चालणारं उबुंटू टाकून दिलंस. तोवर ठीक होतं. पण वडिलांची भजनं सीडीवर घालून आत्याला द्यायची, हे मी मनावर घेतलं. आत्या सत्त्याऐंशीची. मोबाईल तिला जमत नाही, सीडी प्लेअरचं बटण मात्र डोळे मिटून सापडतं. मी नेटवरून एक सॉफ्टवेअर उतरवलं आणि त्यावर क्लिक करत बसलो. त्याच्या शेपटीला ‘ईएक्सई’ होतं. तू हसला नाहीस, याचे पहिले आभार. “काका, ते विंडोजचं. इथे सामान दारोदार हिंडून आणायचं नाही, उबुंटूच्या भांडारातून मागवायचं,” एवढंच म्हणालास.

मग हुकूम टाईप करायची ती काळी खिडकी उघडायला लावलीस. ‘सुडो ऍप्ट अपडेट’, मग ‘सुडो ऍप्ट इन्स्टॉल ब्रासेरो’. ब्रासेरो म्हणजे सीडी लिहिणारं सॉफ्टवेअर. वहीत मी ते देवनागरीतच लिहून ठेवलंय. अपडेट म्हणजे नुसती भांडाराची ताजी यादी, त्याने सामान येत नाही, हे मला तिसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं. पासवर्ड टाकताना पडद्यावर एकही ठिपका उमटेना, तेव्हा मी कीबोर्डच उलटा करून झटकला होता! आणि एमपीथ्रीसाठी ‘उबुंटू रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज’ घालताना फॉन्टच्या परवान्याचं ते पान आलं, तिथे माऊस चालेना. टॅब दाबून ‘ओके’वर जायचं आणि एंटर. हे कुणी सांगितल्याशिवाय सुचणं शक्य नाही. या सगळ्यात तू माझ्या खुर्चीवर एकदाही बसला नाहीस. स्टुलावर बसून “आता काय दिसतंय, वाचा” म्हणायचास. ब्रासेरो म्हणजे स्पॅनिशमध्ये शेगडी, हेही तूच सांगितलंस. ही ऐकून खूश झाली, म्हणाली, चला, यांना शेगडी तरी पेटवता आली.

पण खरा उलगडा सीडीचा. मी 4 सीड्या फुकट घालवल्या होत्या. कॉम्प्युटरवर वाजायच्या, आत्याकडे प्लेअर गप्प. मी ‘डेटा’ प्रोजेक्ट निवडत होतो, म्हणजे फाईली जशाच्या तशा सीडीवर ठेवत होतो. तो जुना प्लेअर फाईल ओळखत नाही, त्याला ‘ऑडिओ’ प्रोजेक्टच हवा. तो निवडला, तर भजनं मावेनात. मी चिडलो: फाईली सगळ्या मिळून 130 एमबी, सीडी 700ची, मग अडचण कसली? तू दिवाणावरच्या घडी केलेल्या सतरंजीकडे बोट दाखवलंस. एमपीथ्री म्हणजे घडी, ऑडिओ सीडीवर ती अंथरावी लागते, मिनिटाला साधारण 10 एमबी. म्हणून तिथे एमबी नव्हे, मिनिटं मोजायची, आणि मिनिटं फक्त 80. आमची भजनं 2 तास 10 मिनिटांची. झाल्या दोन सीड्या. सीडी लिहायचा वेगही तू कमी ठेवायला लावलास, घाई नाही म्हणून.

परवा एका मित्रासाठी उबुंटूची डीव्हीडी मी एकट्याने केली. ‘बर्न इमेज’ निवडलं, आयएसओ फाईल (अख्ख्या डिस्कची एकाच फाईलीतली नक्कल) डेटा म्हणून टाकली नाही. कळवावंसं वाटलं.

आत्याने पहिली सीडी लावली. चौथ्या भजनात मागून आईचा आवाज येतो, “चहा झालाय.” मी ते कापणार होतो, तू राहू दे म्हणालास. आत्या तेवढंच पुन्हा पुन्हा लावते म्हणे.

फुकट गेलेल्या चारही सीड्या गच्चीच्या दाराला दोऱ्याने टांगल्यात. कबुतरं तरीही येतात. तुझी निळी बादली तिथेच आहे, येशील तेव्हा घेऊन जा.

कळावे,
घरमालक काका