तानाजी कड्यावर तोफ कुठे होती?

महोदय,

गेल्या रविवारी सिंहगडावर कॉलेजातली काही मुलं ताक विकणाऱ्या मावशींना विचारत होती, "ती मोठी तोफ कुठे ठेवली होती हो?" मावशी ग्लास पुढे करत म्हणाल्या, "ती पिक्चरातली रं बाळा." मुलं जरा हिरमुसली.

२०२० च्या 'तान्हाजी'तली ती 'नागीण' तोफ आता अनेकांच्या डोक्यात पक्की बसली आहे. सिनेमाने पदरचं घातलं म्हणून मी तक्रार करत नाही. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातली यशवंती घोरपड तरी कुठल्या दप्तरात सापडते? हरिभाऊ आपट्यांची कादंबरी आली, बाबूराव पेंटरांचा १९२३ चा मूकपट आला, १९३३ मध्ये प्रभातचा बोलपट आला. शाळेच्या स्नेहसंमेलनात पुठ्ठ्याची घोरपड आणि "दोर कापलेत!" म्हणणारा सूर्याजी तर ठरलेलाच. या लढाईत प्रत्येक पिढीने आपापली भर घातली आणि म्हणूनच ती घराघरात राहिली.

पण घोरपड निराळी आणि तोफ निराळी. घोरपड फार तर दोर वर नेते. पुढे चढायचं माणसालाच असतं. म्हणजे गोष्ट कड्यापाशीच राहते. सभासदाने लिहिलेल्या शिवाजी महाराजांच्या जुन्या बखरीत घोरपड नाही, पण अंधारात वानरांसारखे कडा चढून जाणारे मावळे आहेत. तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, तेव्हा तो डाव्या हाताचीच ढाल करून वार झेलतो. गड हाती आल्यावर पागेला आग लावतात आणि तो उजेड महाराज राजगडावरून पाहतात. कुठल्याही स्पेशल इफेक्टची गरज नसलेला प्रसंग आहे हा!

तोफ मात्र लढाईचं कारणच बदलून टाकते. राजगडावर रोखलेली तोफ निकामी करायची म्हणून तानाजी गेला, असं पोरांना वाटतं. कोंढाणा, म्हणजे आजचा सिंहगड, गेला होता तो १६६५ च्या पुरंदरच्या तहात. मिर्झाराजे जयसिंगापुढे महाराजांना तेवीस किल्ले सोडावे लागले, त्यातला हा एक. आग्र्याहून सुटून आल्यावर महाराज काही काळ गप्प राहिले आणि १६७० मध्ये एकेक किल्ला परत घ्यायला लागले. ४ फेब्रुवारीची रात्र त्या मोहिमेतली. तह काढून टाकला तर तानाजी नुसता पडद्यावरचा हीरो उरतो. राज्य सावरणाऱ्या राजाचा सुभेदार दिसत नाही.

बरं, गडावर हे सांगणारं कुणी भेटतं का? पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही यांच्या पाट्या लांबून वाचता येतात. (भजीला माझा विरोध नाही, मीही दोन प्लेट खाल्ल्या.) राजाराम महाराजांची समाधी याच गडावर आहे, तिच्यापुढून तर निम्मे लोक न थांबता जातात.

संबंधित खात्याला एवढंच सुचवावंसं वाटतं की कड्यापाशी मराठीत एक ठसठशीत फलक लावावा. बखर काय सांगते, पोवाडा काय सांगतो आणि सिनेमाने काय घातलं, हे त्यावर वेगवेगळं लिहावं. घोरपडीचं चित्रही काढा, मुलं त्यासाठी तरी थांबतील. येत्या ४ फेब्रुवारीच्या आत एवढं व्हायला हरकत नसावी.

– एक वाचक, धायरी, पुणे