नातीच्या अक्षतांना आजी पोहोचली नाही : ठरलेल्या गाड्या न पुरवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विवाह आरक्षण विभाग

विषय : जांबोटीपुढील आपल्या डोंगरावरच्या रिसॉर्टमध्ये झालेल्या लग्नात वाहनव्यवस्था कोलमडल्याबद्दल तक्रार, व ८८,५०० रुपये परत मिळणेबाबत.

महोदय,

तुळशीची लग्नं आटोपल्यावर दुसऱ्या शनिवारी माझ्या मुलीचे लग्न आपल्याकडे झाले. गोरज मुहूर्त होता, ६ वाजून १२ मिनिटांचा. अक्षता पडल्या तेव्हा माझी ८२ वर्षांची आई मंडपात नव्हती. साडेतीन किलोमीटर खाली, चोर्ल्याच्या रस्त्यावरच्या फाट्याला, बसमध्ये बसून ती तुमच्या गाडीची वाट बघत होती.

जागा आम्ही हौसेखातर निवडली नव्हती. आईचे माहेर कणकुंबीच्या बाजूचे. मलप्रभा जिथे उगम पावते त्या मुलखात नातीचे लग्न व्हावे ही तिची इच्छा होती, आणि मुलीलाही शहरातल्या कार्यालयाचा गोंगाट नको होता. पावसाळा सरलेला, डोंगर अजून हिरवे, थंडी नुकती लागलेली; लग्नाला याहून चांगले दिवस नाहीत. श्रावणात मी जागा बघायला आलो तेव्हा एकच काळजी बोलून दाखवली होती : फाट्यापासून वरचा रस्ता कच्चा, बस चढत नाही, म्हातारी माणसे कशी येणार? तुमच्या माणसाने सांगितले की सहा ट्रॅक्स दुपारी ३ पासून फाट्यावर असतील आणि वर-खाली निरोपासाठी वॉकीटॉकी असेल, कारण तिथे मोबाईलला रेंज नाही. बाहेरच्या गाड्या खासगी रस्त्यावर चालणार नाहीत, हेही करारात तुम्हीच घातले. एकूण ४,८०,००० रुपयांपैकी ३६,००० रुपये निव्वळ या सहा गाड्यांचे होते.

त्या दिवशी गाड्या आल्या दोन.

बेळगावहून आमच्या बसेस सव्वाचारला फाट्यावर आल्या. चंदगड-गडहिंग्लजचे पाहुणे आधीच रस्त्याकडेला उभे होते. एका गाडीत नऊ-दहा माणसे, एका फेरीला पाऊण तास. चालकाने सांगितले की बाकीच्या चार गाड्या सकाळीच तुमच्या दुसऱ्या कार्यक्रमाला पाठवल्या आणि कार्यालयाला हे दुपारी २ पासून ठाऊक होते. मला सर्वांत जास्त राग याचा आहे. २ वाजता एक शब्द कळवला असता, तर खानापूर स्टँडवरून हव्या तेवढ्या ट्रॅक्स मी तासाभरात आणल्या असत्या. वॉकीटॉकी फाट्यावर नव्हतीच, त्यामुळे खाली काय चालले आहे हे वर कुणालाच कळले नाही. आई मागच्या बसमध्ये आहे, येईल पुढच्या फेरीला, असे धरून मी मुलीजवळ उभा राहिलो.

कार्तिकात डोंगरात सहाला अंधारू लागते. दोन्ही बाजूंना रान, या पट्ट्यात अस्वलांचा वावर, आणि फाट्यावर एक दिवा नाही. तिथे बायका-मुले उभी होती. भटजींनी मुहूर्त टळू दिला नाही, त्यांचा दोष नाही. अंतरपाट दूर झाला तेव्हा १८० पाहुण्यांपैकी निम्मेसुद्धा वर नव्हते.

आईने नातीसाठी स्वतः मंगलाष्टक रचले होते. महिनाभर चाल बसवत होती. ती सातला वर आली, तेव्हा घरून आणलेल्या अक्षता तिच्या पदराच्या टोकाला तशाच बांधलेल्या होत्या. तिने त्या सोडून मुलीच्या डोक्यावर टाकल्या. मंगलाष्टक मात्र म्हटले नाही. म्हणाली, ते त्या वेळचेच असते.

जेवण उत्तम होते, आणि तुमच्या स्वयंपाकघरातल्या दोन मुलांनी वर आल्यावर आईला हाताला धरून पायऱ्या चढवल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

रात्री १० नंतर त्या दोन गाड्याही निघून गेल्या. पाहुण्यांना खाली न्यायला मी जांबोटीहून पिकअप बोलावले, त्याचे १४,५०० रुपये दिले. त्याच पिकअपच्या चाकांनी हिरवळ खराब झाली म्हणून तुम्ही माझी ५०,००० रुपयांची अनामत अडवून ठेवली आहे. हे कोणत्या न्यायाने?

न आलेल्या चार गाड्यांचे २४,०००, पिकअपचे १४,५०० आणि अनामत ५०,०००, असे ८८,५०० रुपये १५ दिवसांत परत करावेत. आलेल्या दोन गाड्यांचे पैसे मी मागत नाही. याशिवाय माझ्या आईच्या नावे मराठीत लेखी माफीपत्र हवे, मला नव्हे, तिला.

उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तुमचे मुख्य कार्यालय बेंगळुरूला असले तरी ग्राहक राहतो तिथे तक्रार दाखल करता येते, वकील लागतोच असे नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.

कार्तिकातली आणखी लग्ने तुम्ही आरक्षित केलेली असणार. त्यांच्यासाठी तरी फाट्यावर आजच दिवा लावा आणि वॉकीटॉकी घेऊन एक माणूस उभा करा.

आपला,
वधूपिता
टिळकवाडी, बेळगाव

सोबत : करारपत्र व पावत्यांच्या प्रती, फाट्यावरचे फोटो.