लघवी मोजायला कॅन हवे आहेत

गरोदरपणात सारखं लघवीला लागतं, हे नवीन सांगायला नको. म्हणूनच एखादीने तक्रार केली की "आता असंच असतं" म्हणून विषय संपतो. पण दर वेळी थोडी थोडी होणं वेगळं आणि दर वेळी भांडंभर होणं वेगळं. हा फरक मोजल्याशिवाय कळत नाही.

आमच्याकडे आलेली आठव्या महिन्यातली एक ताई उशाशी पाण्याची कळशी घेऊन झोपायची. साखर नॉर्मल, लघवीत जंतू नाहीत. २४ तासांची लघवी साठवली तेव्हा ७ लिटर भरली! दिवसाला ३ लिटरच्या वर गेली, तर कारण शोधावंच लागतं.

तिच्या बाबतीत मूळ वारेत होतं. व्हासोप्रेसिन हे हार्मोन मूत्रपिंडाला पाणी राखायला लावतं आणि वारेतून येणारं एक एन्झाइम ते मोडतं. बहुतेकींचं शरीर जादा हार्मोन बनवून भरपाई करतं, क्वचित कुणाचं कमी पडतं. जुळी असली की वार मोठी, म्हणून एन्झाइमही जास्त. ते साफ करायचं काम यकृताचं, त्यामुळे अशा बाईची यकृताची तपासणी आणि बीपी पाहायलाच हवं. निदान झालं की डेस्मोप्रेसिन हे व्हासोप्रेसिनसारखंच काम करणारं औषध देतात, ते या एन्झाइमने तुटत नाही. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत त्रास बहुधा थांबतो.

एक गोम आहे. शरीरातलं पाणी असं जात राहिलं की रक्तातलं सोडियम चढतं, पण गरोदरपणात ते मुळातच ४-५ अंकांनी उतरलेलं असतं. रिपोर्टवरची छापील मर्यादा मात्र गरोदर नसलेल्यांची, त्यामुळे १४२ आलं तरी "नॉर्मल" दिसतं. आणि कृपा करून घरी पाणी तोडून बघू नका, आई आणि बाळ दोघांनाही ते धोक्याचं आहे.

तर मागणी अशी: ५ लिटरचे झाकणाचे नवे कॅन (तेलाचे, फिनेलचे धुतलेले नकोत, निकाल बिघडतो), लिटरच्या खुणा असलेली मापं, आणि सोडियम, ऑस्मोलॅलिटी (रक्त-लघवी किती दाट की पातळ ते मोजणारी तपासणी) व यकृताच्या तपासण्यांसाठी वर्गणी. जमेल तेवढी द्या, पावती मिळेल. पैसे नसतील तर सकाळचा एक तास द्या. पहिली लघवी टाकून देऊन वेळ लिहायची, तिथून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची सगळी जमवायची, हे घरी जाऊन समजावायला आणि भरलेले कॅन प्रयोगशाळेत पोचवायला माणसं कमी पडताहेत. लाजणाऱ्या सुनेशी नीट बोलू शकणाऱ्या बायका आल्या तर फारच बरं.

— माता आरोग्य समिती