चौथ्या वचनाखालची रेघ : मावशींना आभाराचं पत्र

प्रिय मावशी, प्रभू येशूच्या नावात सलाम.

परळच्या इस्पितळातल्या त्या वॉर्डात भेटीला येणाऱ्यांची वाण नव्हती. पण बहुतेकांचं एकच पालुपद: "रडू नका, स्तुती करा, देवाची काहीतरी योजना असेल." मग घाईची प्रार्थना आणि लोकल गाठायची गडबड. डॉक्टरांचंच एकमत नसताना असलं बोलणं माणसाला नुसतं गप्प करतं.

तुम्ही बायबलमधलं स्तोत्र १३ काढलंत, चौथ्या वचनाखाली पेन्सिलीची बारीक रेघ ओढलीत, बेस्टचं तिकीट खुणेला ठेवलंत आणि म्हणालात, "आज इथवरच." या पत्रात आभार मानायचे ते मुख्यतः त्या रेघेचे.

सहाच वचनांचं स्तोत्र. पहिल्या दोनांत स्तोत्रकर्ता दावीद देवाला चार वेळा "कोठवर?" विचारतो. तिसऱ्या-चौथ्यात मागणं. भरवसा पाचव्यात, गाणं सहाव्यात. लोक थेट पाचव्यावर उडी मारतात आणि तिथेच बिघडतं. तक्रार आत कोंडून राहते, वरची स्तुती पाठांतराच्या कवितेसारखी कोरडी होते. म्हणून रेघेच्या अलीकडचं तेवढंच मोठ्याने, सावकाश वाचायचं आणि मध्ये आपली अडचण नाव घेऊन सांगायची: बिल, बायोप्सी, भाऊबंदकी, जे असेल ते. रेघ ओलांडायची ती मनानेच पुढे ओढ घेतली की.

आणि नाहीच घेतली तर? त्यासाठी तुम्ही ८८वं स्तोत्र दाखवलंत. तिथे हाक तारणाऱ्या देवालाच आहे, पण शेवटच्या वचनापर्यंत अंधार हटत नाही. तरी १५० स्तोत्रांत त्याला जागा आहे. आमच्यावर अविश्वासाचा ठपका ठेवणाऱ्यांनी ते पान उलटूनच टाकलं असावं.

गाण्याचंही तुमचं बरोबर. पेटी नको, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या एखाद्या भजनाचं एकच कडवं, तेही खालच्या पट्टीत. रडवेल्या माणसाला श्वास पुरत नाही. वरच्या सुरात आवाज फाटतो आणि तो ओशाळून गाणंच सोडतो.

मुंबईत माणुसकीला सवड नाही म्हणतात. आम्हाला नाही पटत. शेजारच्या खाटेवरच्या आजींना, त्या कुठल्या धर्माच्या हे न विचारता, तुम्ही आधी पाणी पाजलंत आणि मग बायबल उघडलंत.

एक विनंती. भेटीला जाणाऱ्या तरुण संघाला एकदा समोर बसवून हे सगळं शिकवा. पाळकसाहेबांशी आम्ही बोलतो.

तुमच्याच मंडळीतलं एक कुटुंब