आगोटीच्या यादीत कॅल्शियम क्लोराइड

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मे सरत आला की आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या, खरेदीसाठी कोकणातल्या दुकानांत मसाला, सुकी मासळी आणि खड्या मिठाच्या शेजारी हल्ली आणखी एक जिन्नस मांडलेला दिसतो. कपाटात ठेवायचा ओल शोषणारा डबा. वर जाळी, जाळीत पांढरे खडे, खाली पाण्याची टाकी. महिना-दीड महिन्यात खडे विरघळतात, टाकी भरते, डबा कचऱ्यात जातो आणि गिऱ्हाईक नवा डबा आणते. डब्याचे काहीच बिघडलेले नसते. संपलेले असतात ते खडे, आणि ते खडे म्हणजे निव्वळ कॅल्शियम क्लोराइड. बर्फाच्या कारखान्यांत ब्राइनच्या (गोठवण्यासाठीच्या खाऱ्या पाण्याच्या) टाकीत काही ठिकाणी मिठाऐवजी हेच घालतात. बंदरावरच्या माणसाला त्याचे काडीचे कौतुक नसते.

डब्यावर एमआरपीशेजारी दर ग्रॅमचा भाव बारीक अक्षरांत छापलेला असतो. त्याला हजाराने गुणा आणि रसायनांच्या दुकानातल्या किलोच्या भावाशी ताडून पाहा. फरक दिसला की हे पत्र कशासाठी ते कळेल: हा डबा आणि घरातल्या अशाच काही वस्तू न फेकता पुन्हा कशा भराव्यात, आणि कोणत्या भरू नयेत, ते सांगण्यासाठी.

खडे घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, माल फ्लेक्सचा की दाण्यांचा. फ्लेक्समध्ये साधारण ७४ ते ७७ टक्के कॅल्शियम क्लोराइड असते आणि उरलेले मुळातच पाणी असते. कोरड्या दाण्यांत ते ९४ टक्क्यांच्या वर जाते. दोन्ही चालतात, पण भाव करताना हा फरक मोजायला हवा. दुसरी, पूड घेऊ नये. ती जाळीतून गळते आणि वरून पापडासारखी घट्ट होऊन खालच्या मालाला हवाच लागू देत नाही. तिसरी, कपाटासाठी औद्योगिक दर्जाचा माल पुरतो. खाण्याच्या दर्जाचे जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

भरायची रीत अशी. जुन्या डब्याचे झाकण काढा. जाळीवर कागदासारखा पांढरा पडदा चिकटवलेला असतो, तो कडेने कापून टाका. त्यातून वाफ आत जाते पण पाणी बाहेर येत नाही, म्हणून नवा पडदाही त्याच गुणाचा हवा. दुकानात मिळणाऱ्या न विणलेल्या कापडी पिशवीचा तुकडा चालतो. सुती फडके अजिबात नको. ते भिजते आणि दिव्याच्या वातीसारखे खारट पाणी कपड्यांपर्यंत पोहोचवते. टाकी धुऊन पूर्ण कोरडी करा, हातमोजे घाला, खडे ओता, पडदा ताणून रबर बँडने बांधा आणि डबा प्लास्टिकच्या तसराळ्यात ठेवा. लोखंडी कपाटाच्या पत्र्यावर नुसता ठेवू नये, कारण त्या पाण्याचा एक थेंब पडला तरी चार दिवसांत गंज धरतो.

आता प्रमाण. घरी भरणारे बहुतेक लोक चुकतात ते इथेच. जाळी मोठी दिसते म्हणून माणूस काठोकाठ भरतो. पण खडे दिसेनासे झाले म्हणजे काम संपले असे होत नाही. तयार झालेले पाणीही हवेतली वाफ ओढत राहते आणि पातळ होत फुगत जाते. ८५ टक्के आर्द्रतेत दीडशे ग्रॅम फ्लेक्सचे शेवटी जवळजवळ अर्धा लिटर पाणी होते. म्हणून अर्ध्या लिटरच्या टाकीला १५० ग्रॅम फ्लेक्स पुरे, कोरडे दाणे असतील तर १२० ग्रॅम. दर पंधरवड्याला डबा बघणारा जरा जास्त भरू शकेल. पण जे चाकरमानी घराला कुलूप लावून मुंबईला जातात आणि थेट गणपतीला दार उघडतात, त्यांनी या मापापलीकडे एक मूठही घालू नये. अडीच-तीन महिने कोणी न पाहिलेला काठोकाठ डबा कपाटातच उतू गेलेला सापडतो.

ते पाणी सांडलेच तर कोरड्या फडक्याने पुसून भागत नाही. लादी पुसलेली दिसते, पण तासाभराने तोच डाग पुन्हा ओला होतो, कारण मागे राहिलेला क्षार हवेतून पाणी ओढतच असतो. ओल्या फडक्याने, दर वेळी पाणी बदलून, तीन-चार वेळा पुसावे. चामड्याची चप्पल किंवा पट्टा त्यात भिजला तर आक्रसून कडक होतो आणि पुन्हा सरळ होत नाही. टाकीतले पाणी भरपूर पाण्यात मिसळून मोरीत सोडावे. माडाच्या बुंध्याशी, तुळशीत किंवा घराच्या पायाशी ओतू नये. क्लोराइड झाडांनाही सोसत नाही आणि सिमेंटमधल्या लोखंडालाही. खड्यांवर पाणी ओतून ‘धुवायचे’ तर नावच नको, विरघळताना ते चांगलेच तापतात. मुले आणि मांजर पोहोचणार नाही अशा जागी डबा असावा, हे वेगळे सांगायला नको.

ते पाणी आटवून पुन्हा खडे करता येतील का, असा प्रश्न हमखास येतो. येतील, पण पावणेदोनशे अंशांच्या आसपास तापवावे लागते, रस उडतो, भांड्याला खड्डे पडतात आणि गॅस जळतो तो वेगळा.

स्वस्तात खडे मीठच का नको? पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. पण मीठ ओल धरू लागते ते आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावरच. त्याखाली ते गप्प बसते, आणि बुरशीला तेवढी ओल बऱ्याचदा पुरते. कॅल्शियम क्लोराइड मात्र आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत काम करत राहते.

तरीही या डब्याकडून भलत्या अपेक्षा नकोत. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता धरली तर त्या हवेत ६५० ग्रॅमहून जास्त पाणी वाफेच्या रूपात असते. ते काढले तरी कौलांच्या फटींतून नवी ओली हवा लगेच येते. पडवीत किंवा माजघरात उघडा डबा ठेवणे म्हणजे विहीर वाटीने उपसणे. तो बंद कपाटात, ट्रंकेत, दार घट्ट लागणाऱ्या देवघराच्या कपाटातच कामाचा. तिथेही टाकीत जमणारे पाणी मुख्यतः हवेतले नसते, ते कपड्यांतले असते. हाताला कोरडे लागणारे दहा किलो सुती कपडे ऐन पावसात कोरड्या दिवसांपेक्षा अर्धा किलोहून जास्त पाणी धरून असतात. म्हणून आगोटीला, मृगाआधीच्या कडक उन्हात कपडे, गोधड्या, जरीच्या साड्या वाळवून, निववून मग कपाट बंद करावे आणि डबा त्यानंतर ठेवावा. श्रावणात दोरीवर कसेबसे सुकलेले कपडे आत घातले तर १५० ग्रॅम खडे त्यांनाच पुरणार नाहीत.

कॅमेरा, श्रवणयंत्र, कागदपत्रे अशा लहान बंद डब्यांसाठी सिलिका जेल बरे, कारण त्याचे पाणी होत नाही आणि तेच दाणे वर्षानुवर्षे वापरता येतात. १०० ग्रॅम कोरडे जेल भरून आले की वजन १३० ग्रॅमच्या आसपास जाते. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दीड-दोन तास ठेवले की ते परत १०० वर येते. रंगापेक्षा वजनाचा काटा खरे सांगतो. आच एकदम मोठी केली तर दाणे तडकतात. ओव्हन नसेल तर पांढरे जेल जाड तव्यावर मंद आचेवर हलवत तापवावे. निळे जेल स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नये, त्याचा निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो.

फेसाच्या हँडवॉशची गोष्ट छोटी आहे. त्या पंपात एक बारीक जाळी असते. पातळ साबणपाणी आणि हवा तिच्यातून एकत्र गेली की फेस होतो. म्हणजे रिफिलच्या पाऊचमध्ये आपण बरेचसे पाणीच विकत घेतो. २५० मिलीच्या बाटलीत आधी उकळून गार केलेले १८० मिली पाणी, मग ४५ मिली साधा दाट हँडवॉश घालावा. क्रम उलटा केला तर बाटली फेसानेच भरते. वर बोटभर जागा पंपासाठी सोडावी आणि बाटली न घुसळता आडवी-उभी फिरवावी. दाट हँडवॉश तसाच ओतला तर जाळी तुंबते. तुंबल्यास पंप कोमट पाण्यात बुडवून पंधरा-वीसदा दाबावा. पातळ केल्यावर साबणातले टिकवण्याचे द्रव्यही पातळ होते, म्हणून दोन आठवड्यांत संपेल एवढेच करावे. उरलेल्यावर नवे ओतत राहू नये. बाटली रिकामी करून, धुऊन, वाळवून भरावी. नाहीतर ज्या बाटलीने हात धुवायचे, तिच्यातच जंतू पोसले जातात.

पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रात घरी बदलण्याजोगी एकच गोष्ट, बाहेरचा गाळाचा फिल्टर. बहुतेक ठिकाणी तो दहा इंची घरात (फिल्टरभोवतीच्या नळकांड्यात) बसणारा पाच मायक्रॉनचा पांढरा ‘स्पन’ असतो आणि हार्डवेअरच्या दुकानात कोणत्याही छापाचा मिळतो. चिऱ्याच्या (जांभ्या दगडातल्या) विहिरीचे पाणी पहिल्या पावसांत लालसर होते तेव्हा तो आठ-पंधरा दिवसांतही भरू शकतो, त्यामुळे वर्षातून दोनदा हे ठरीव वेळापत्रक आपल्याकडे लागू पडत नाही. नळ बंद करा, यंत्राचा नळ उघडून दाब सोडा, चावीने घर फिरवा, रबरी कडे जागेवर आहे ना ते पाहा. त्याला सिलिकॉन ग्रीस लावावे. व्हॅसलिनने काही जातींचे रबर फुगते आणि पुढच्या वेळी तिथूनच गळते. नवा फिल्टर बसवल्यावर पहिली दहा मिनिटे पाणी वाया जाऊ द्यावे. स्पन घासून धुतला की वरून पांढरा दिसतो, पण गाळ त्याच्या आत रुतलेला असतो. कार्बनचे काडतूस धुऊन परत जिवंत होत नाही. यूव्ही दिव्याच्या यंत्रात तर गढूळ पाणी गेले की गाळाच्या कणाआड जंतू लपतात आणि दिवा चालू असूनही पाणी सुरक्षित राहत नाही, म्हणून हा स्वस्त फिल्टर वेळेवर बदलण्यात कंजुषी नको. आरओ यंत्राच्या देखभालीचा वार्षिक करार करण्याआधी मात्र टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजून घ्यावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि चिऱ्याच्या बऱ्याच विहिरींचे पाणी तिच्या खूप खाली असते, म्हणजे क्षारांसाठी आरओची गरज नसते. खाडीकाठच्या मचूळ विहिरींची गोष्ट निराळी.

काही वस्तू मात्र घरी भरू नयेत, कितीही स्वस्त पडल्या तरी. डासांच्या यंत्राची ४५ मिलीची बाटली त्यांत पहिली. रॉकेलमध्ये कापूर किंवा कडुनिंबाचे तेल घालून ती भरण्याचा नुस्खा मोबाइलवर फिरत असतो. रॉकेलची वाफ ३५-४० अंशांनंतर पेट घेऊ शकते आणि यंत्राची तापपट्टी त्याहून कितीतरी गरम असते. शिवाय ते रात्रभर डोक्याशी, मच्छरदाणीजवळ चालू असते. कडुनिंबाचे तेल वातीत जळून रोगणासारखे बसते, त्यामुळे पुढची चांगली बाटलीही चालत नाही. त्यापेक्षा मच्छरदाणी शिवून घ्यावी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत एसीचे गळणारे पाणी ओतणे हाही असाच प्रकार. ते दिसायला शुद्ध असते, पण कॉइलवरून धूळ आणि धातूचे अंश घेऊन आलेले असते. तिथे बाजारातले डिस्टिल्ड वॉटरच घालावे.

एक काळजी सगळ्या भरणीला लागू. संडास साफ करायचे आम्ल आणि ब्लीचिंगचे द्रावण एकमेकांच्या बाटलीत कधीही भरू नये. तळाशी राहिलेले थोडे द्रावणही क्लोरीन वायू सोडायला पुरते आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. आपल्याकडे कोकमाचे आगळ आणि फिनेल दोन्ही शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून एकाच फळीवर ठेवलेली दिसतात. पाहुणा सरबत करायला गेला तर कोणती उचलेल? खाण्यापिण्याच्या बाटलीत रसायन नाही, आणि भरलेल्या प्रत्येक बाटलीवर नाव व तारीख लिहिलेली चिकटपट्टी, एवढे तरी हवेच.

राहता राहिली दुकानदारांना विनंती. ओल शोषणारे सुटे खडे तालुक्याच्या गावात मिळत नाहीत, म्हणून लोक डबा घेतात. हार्डवेअरच्या किंवा शेतीमालाच्या दुकानदाराने २५ किलोची एक गोणी आणून एकेक किलोच्या जाड, दुहेरी, सीलबंद पिशव्या केल्या, त्यांवर रसायनाचे नाव, टक्केवारी, निव्वळ वजन आणि ‘हातमोजे वापरा’ ही सूचना छापली, तर एका पिशवीत अर्ध्या लिटरचे सहा डबे भरतात. डबे विकणाऱ्या कंपन्यांनीही नुसत्या खड्यांचे पाकीट वेगळे विकावे. गोणी फोडायची ती मात्र मे महिन्यातच, कोरड्या दुपारी. पाऊस लागल्यावर उघडलेल्या गोणीतले खडे सकाळपर्यंत एकमेकांना चिकटून दगड झालेले असतात आणि गोणीखालची लादी ओली.

आपला,
एक वाचक, मालवण